कंट्रोलच्या नरांच्या किडन्या दर वेळी वणांनी भरलेल्या निघतात, तेव्हा कुठे बघायचं

औषधाच्या विषचाचणीसाठी उंदरांवर केलेला अभ्यास, 2 वर्षांचा. शेवटच्या आठवड्यात नेक्रॉप्सी, म्हणजे जनावरांची शवतपासणी, सुरू होते, ट्रेमध्ये किडन्या ओळीने मांडल्या जातात, आणि ज्यांना औषधाचा थेंबही मिळालेला नाही त्या कंट्रोल गटातल्या नरांच्याच किडन्या बघवत नाहीत. रंग फिकट, आकार मोठा, पृष्ठभाग खसखस पेरल्यासारखा दाणेदार आणि मधे मधे खळगे. वरचा पातळ पापुद्रा एरवी चिमट्याने सहज सुटतो. इथे तो खालचा तुकडा उपटूनच निघतो. मधोमध कापलं की कॉर्टेक्समध्ये, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थरात, पाण्याच्या बारीक बारीक पिशव्या. मागच्या अभ्यासात हेच होतं, त्याच्या मागच्यातही. मग मीटिंग बसते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो.

या लेखात उंदीर म्हणजे रॅट. माऊसबद्दल लिहायचं तिथे माऊसच लिहीन, कारण दोघांच्या किडनीची गोष्ट वेगळी आहे आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लावल्यामुळे झालेले घोळ मी पाहिलेत.

मी पॅथॉलॉजीत नवीन असताना हा प्रकार पहिल्यांदा समोर आला, तेव्हा आम्ही पिण्याचं पाणी तपासायला पाठवलं, बाटल्या धुण्याचा साबण बदलला, खाद्यात बुरशीचं विष आहे का ते पाहिलं. 3 आठवडे गेले, सगळे रिपोर्ट स्वच्छ. खरी गोष्ट ज्यांना आधीच दिसली होती ते अ‍ॅनिमल हाऊसमध्ये पिंजरे बदलणारे आमचे मामा. ते म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यापासून सांगतोय, खालच्या रॅकवरचे नर रात्रीत बाटली संपवतात. तूस रोज ओलं. आठवड्यातून दोनदा बदलायचं, आता चारदा बदलतो." त्यांनी सांगितलं होतं, हे खरं. कुणी लिहून घेतलं नव्हतं, हेही खरं. मूत्र घट्ट करण्याची ताकद किडनीने गमावली की जनावर पाणी जास्त पितं आणि तूस जास्त भिजवतं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य) वाढायच्या कितीतरी आधी हे घडतं, आणि बघायला कुठलंही मशीन लागत नाही.

आधी आजाराचं नाव पक्कं करा

दहातल्या नऊ वेळा हा आजार म्हणजे क्रॉनिक प्रोग्रेसिव्ह नेफ्रोपॅथी, सगळे म्हणतात सीपीएन. हा बाहेरून आलेला नाही, उंदराच्या जातीतच आहे. सॅक्स्टन आणि किंबॉल यांनी 1941 मध्येच पांढऱ्या उंदरांमधल्या या विकाराचा वयाशी आणि आहाराशी असलेला संबंध मांडला होता. म्हणजे आपण ज्याला "या बॅचला काय झालं" म्हणतो, ते ऐंशी वर्षांपूर्वीही बॅचला होत होतं.

तरी नाव ठोकण्याआधी स्लाईड बघा, आणि वयाने लहान जनावरांची आधी बघा. एच अँड ई या नेहमीच्या रंगात निरोगी कॉर्टेक्स गुलाबी दिसतो. त्या गुलाबी शेतात कुठेतरी एखादी नलिका निळसर, आकसलेली. तिच्या पेशी बुटक्या, केंद्रकं खेटून बसलेली. तीच जागा पीएएस या दुसऱ्या रंगात बघितली की नलिकेभोवतीचा बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे पेशींखालचा पातळ पडदा, जाड झालेला दिसतो, हातात घट्ट बसलेल्या बांगडीसारखा, गडद किरमिजी. सुरुवात एवढीच. नरांमध्ये ती 2 ते 3 महिन्यांच्या वयातही सापडते, म्हणजे आपण ज्या वयात "निरोगी तरुण प्रौढ" म्हणून अभ्यासात घेतो त्याच वयात.

पुढे एका नलिकेच्या चार होतात, चारांचा पुंजका होतो, भोवती लिम्फोसाइट जमतात. नलिकांमध्ये प्रथिनांचे काचेसारखे गुळगुळीत गुलाबी गोळे अडकतात. हे हायलिन कास्ट. आजार फार पुढे गेला की फुगलेल्या, कास्टनी भरलेल्या नलिकांचं इतकं दाट जाळं होतं, की कमी मॅग्निफिकेशनला क्षणभर वाटतं ब्लॉकमध्ये थायरॉइड आलं की काय. ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ; त्याचे काही भाग घट्ट होतात आणि भोवतीच्या बोमनच्या आवरणाला चिकटतात. दोन नलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजन भरणं, म्हणजे ज्याला आपण वण म्हणतो ते, या सगळ्याच्या मागून येतं.

इथेच पहिली चूक होते. कुणीतरी 12 महिन्यांच्या किडनीला मॅसनचा ट्रायक्रोम (कोलॅजन निळं दाखवणारा रंग) लावतं, निळं फारसं दिसत नाही, आणि "फायब्रोसिस (वण) नाही, किडनी चांगली" असं लिहून मोकळं होतं. वणाची वाट कुठून सुरू झाली हे बघायचं असेल तर लवकरच्या वयात पीएएस लावा. ट्रायक्रोम आणि सिरियस रेड नंतरचे रंग. मोजमाप करणाऱ्यांसाठी आणखी एक: धमनीभोवती कोलॅजन असतंच, ते निरोगीपणातलं आहे. सॉफ्टवेअरला अख्खी किडनी देऊ नका. कॉर्टेक्स आखून द्या, मोठ्या रक्तवाहिन्या वगळा, आणि थ्रेशोल्ड (कोलॅजन कुठल्या गडदपणापासून धरायचं ती रेषा) सगळ्या स्लाईडना एकच ठेवा. एका दिवशी रंगवलेल्या आणि दुसऱ्या दिवशी रंगवलेल्या स्लाईडमधला फरक वयाचा फरक म्हणून छापून यायला वेळ लागत नाही.

वण पडतो कसा

उंदराचं पिल्लू जन्मतं 5-6 ग्रॅमचं. नवे नेफ्रॉन (किडनीतली गाळणी आणि तिची नलिका मिळून एक) तयार होणं जन्मानंतर दीड-एक आठवड्यात थांबतं. एका किडनीत साधारण 30 हजार, त्यात नंतर भर नाही. नर मात्र वाढतच राहतो, 500-600 ग्रॅमपर्यंत जातो. तेवढ्याच नेफ्रॉनना वाढत्या शरीराचं रक्त गाळायचं असतं, म्हणून ग्लोमेरुलस आकाराने वाढतो. पण त्याला बाहेरून लपेटणाऱ्या पोडोसाइट पेशी जवळजवळ विभागत नाहीत. चादर तेवढीच, गादी मोठी होत गेली, की कुठेतरी कोपरा उघडा पडणार. उघड्या कोपऱ्यातून प्रथिनं गळतात, नलिकेच्या पेशी ती ओढून घेता घेता थकतात आणि आसपासच्या पेशींना हाका मारू लागतात.

त्या हाकांमधला सगळ्यात ओळखीचा रेणू म्हणजे टीजीएफ-बीटा. त्याच्या इशाऱ्यावर केशवाहिन्यांना धरून बसलेल्या पेरिसाइट आणि फायब्रोब्लास्ट पेशी मायोफायब्रोब्लास्ट होतात आणि कोलॅजन 1, कोलॅजन 3, फायब्रोनेक्टिन ओतायला लागतात. अल्फा स्मूथ मसल अ‍ॅक्टिनचं इम्युनो, म्हणजे अँटीबॉडीने रंगवणं, केलं तर याच पेशी तपकिरी उजळतात. जखम एकदाच झाली असती तर हे काम संपलं असतं. इथे गळती थांबत नाही, म्हणून गवंडी घरी जात नाहीत. एक नेफ्रॉन गेला की त्याचं काम शेजाऱ्यावर पडतं, आणि शेजारीही त्याच वाटेने जातो. ब्रेनर, मायर आणि हॉस्टेटर यांनी 1982 मध्ये मांडलेला हायपरफिल्ट्रेशनचा विचार तो हाच.

पण सगळा दोष दाबावर टाकू नका. बेलिस यांनी 1994 मध्ये म्युनिक विस्टार जातीच्या उंदरांवर केलेल्या कामात म्हाताऱ्या नरांच्या किडन्या बिघडल्या होत्या, तरी त्या बिघाडाचा ग्लोमेरुलसमधल्या दाबाशी किंवा आकाराशी मेळ बसत नव्हता. मेळ बसत होता तो नर असण्याशी. खच्ची केलेले नर वाचले. बीजांड काढलेल्या माद्याही बिघडल्या नाहीत. म्हणजे मादीचं संप्रेरक किडनीला वाचवतं असं म्हणण्यापेक्षा नराचं संप्रेरक तिला घालवतं, असं म्हणणं या प्राण्याला जास्त लागू पडतं. म्हातारपणी साचत जाणाऱ्या, विभागणी थांबलेल्या पण मरत नसलेल्या पेशींचाही हात आहे. बेकर आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये माऊसमधून पी16 हे प्रथिन असलेल्या अशा पेशी काढून टाकल्या, तेव्हा ग्लोमेरुलसचं घट्ट होणं मागे पडलं. शिवाय 1997 मध्ये सापडलेलं क्लोथो हे प्रथिन मुख्यतः किडनीतच तयार होतं आणि वयानुसार घटतं. कोणता धागा किती जाड यावर भांडणं चालू आहेत. आपल्या कामापुरता अर्थ असा, की वय, नर असणं आणि खाणं हे तीन एकत्र आले की आजार येणार. त्यातलं आपल्या हातात आहे ते तिसरं.

खाद्याचा हॉपर

अ‍ॅनिमल हाऊसमध्ये चांगल्या व्यवस्थेची खूण काय? हॉपर (पिंजऱ्यावरचं खाद्याचं भांडं) कधी रिकामा दिसता कामा नये. आम्हीही हेच शिकलो, शिकवलं. प्रौढ नर हॉपर भरलेला असेल तर दिवसाला 20-25 ग्रॅम, कधी त्याहून जास्त खातो. पिंजऱ्यात करायला दुसरं काही नाही. लग्नघरात बसवलेल्या माणसासारखं, समोर आहे म्हणून खायचं.

पोत्यावरची चिठ्ठी वाचा. आमच्याकडच्या पोत्यावर प्रथिनं 22 टक्के होती. वाढत्या पिल्लांना आणि विणाऱ्या माद्यांना हे ठीक आहे. दीड वर्षाच्या बसून राहिलेल्या नराला नाही. यात गुपित काही नाही. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने 1990च्या दशकात जुनं, सुमारे 23 टक्के प्रथिनांचं एनआयएच-07 खाद्य सोडून एनटीपी-2000 आणलं, त्यात प्रथिनं 14 टक्क्यांच्या आसपास. एआयएन-93 या शुद्ध खाद्याचे तर दोन प्रकारच केलेत, वाढीच्या वयासाठी जी आणि नंतरसाठी एम. जीमध्ये केसिन (दुधातलं प्रथिन) 20 टक्के, एममध्ये 14. आपल्याकडे बरेचदा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत एकच पोतं चालतं, कारण ऑर्डर एकच असते.

प्रथिनं कमी करण्यापेक्षाही एकूण खाणं कमी केल्याचा परिणाम मोठा आहे. मॅके यांनी 1935 मध्ये कॉर्नेलमध्ये कमी कॅलरीवर उंदीर जास्त जगतात हे दाखवलं. पुढे सॅन अँटोनियोत मासोरो, यू आणि त्यांच्या गटाने फिशर 344 जातीच्या नरांना भरल्या हॉपरच्या 60 टक्केच खाऊ घातलं, तेव्हा किडनीचा हा आजार बराच रोखला गेला. त्याच गटाने केसिनऐवजी सोयाबीनचं प्रथिन दिलं, तेव्हाही किडन्या बऱ्याच चांगल्या राहिल्या. विषचाचणीच्या कामाला 60 टक्के फार कडक होतात. कीनन आणि सहकाऱ्यांनी स्प्रेग-डॉली जातीवर 70-75 टक्क्यांच्या आसपासची मध्यम कपात वापरली आणि 2 वर्षांपर्यंत टिकणाऱ्या जनावरांची संख्या सुधारली.

आता करायला गेलात की अडचणी येतात, त्या आधीच सांगते. एका पिंजऱ्यात तिघे असतील आणि तुम्ही तिघांचं मोजून टाकलं, तर दांडगा दोघांचं खातो. आठ आठवड्यांनी वजनं बघितलीत तर सरासरी सुंदर आणि आतला पसारा भयंकर. एकेकटं ठेवावं तर उंदीर कळपात राहणारा प्राणी. एथिक्स कमिटीला कारण द्यावं लागतं, आणि ते मागणं रास्तच आहे. मधला मार्ग म्हणजे पिंजरा एकत्र ठेवायचा आणि खाण्याच्या वेळेपुरतं वेगळं करायचं. हात जास्त लागतात, पण चालतं. खाद्य संध्याकाळी द्या. उंदीर निशाचर आहे. सकाळी मोजून दिलंत तर तो दिवसा खायला शिकतो आणि त्याचं घड्याळ उलटं होतं. मग तुमचे रक्ताचे नमुने कुठल्या वेळेचे म्हणायचे? आणि जाळीखाली पडलेला चुरा तोलायला विसरू नका. आमच्या नोंदीत एक नर दिवसाला 38 ग्रॅम खात होता. तो खात नव्हता, पाडत होता.

वाढीच्या वयात हात आखडू नका. दूध तुटल्यापासून पहिले काही आठवडे पुरेसं प्रथिन लागतं, नाहीतर खुंटलेली जनावरं घेऊन बसाल आणि ती कशाशीच ताडून बघता येणार नाहीत.

जात आणि लिंग

थोडक्यात. फिशर 344 आणि स्प्रेग-डॉलीचे नर सगळ्यात वाईट. विस्टारमध्ये पुरवठादाराप्रमाणे फरक, साधारण बरे. माद्यांना होतो, पण उशिरा आणि सौम्य. वार्धक्यावरच काम करायचं असेल तर फिशर आणि ब्राऊन नॉर्वे यांच्या पहिल्या पिढीचा संकर बघा. त्याला हा त्रास बराच कमी, म्हणून म्हातारपणाचे अभ्यासक त्याला पसंत करतात. पुरवठादार बदलला असेल तर जुना ऐतिहासिक कंट्रोल डेटा (मागच्या अभ्यासांतल्या कंट्रोलचे आकडे) बाजूला ठेवा, नाव तेच असलं तरी.

आणखी एक फसगत. 3 महिन्यांचे आणि 24 महिन्यांचे असे दोनच गट घेऊन "वयानुसार फायब्रोसिस" लिहिणारे पुष्कळ आहेत. 24 महिन्यांना जे हाती लागतात ते उरलेले असतात. ज्यांच्या किडन्या सगळ्यात खराब होत्या ते 20व्या, 22व्या महिन्यात गेले. म्हणून मेलेल्या प्रत्येक जनावराची किडनी घ्या, कुजायला लागली असली तरी. आणि 12 व 18 महिन्यांचा टप्पा ठेवा, म्हणजे चढ दिसेल.

मूत्र आणि रक्त खोटं बोलतात तिथे

डिपस्टिक बुडवली, प्रथिन दोन प्लस आलं, "सीपीएन सुरू झाला" असं लिहिलं. थांबा. तरुण, ठणठणीत नराच्या मूत्रात प्रथिन असतंच. त्याचं यकृत नर-संप्रेरकाच्या हुकमावर अल्फा-2यू-ग्लोब्युलिन नावाचं छोटं प्रथिन बनवतं आणि ते मूत्रात येतं. माऊसमध्ये त्याचेच भाऊबंद आहेत, मेजर युरिनरी प्रोटीन म्हणतात. वासाने एकमेकांना ओळखण्यासाठी ही प्रथिनं लागतात, आजाराशी संबंध नाही.

गंमत पुढे आहे. वय झालं की यकृतातलं अल्फा-2यू घटतं, आणि त्याच काळात फुटक्या चाळणीतून अल्ब्युमिन गळायला लागतं. एक उतरतं, एक चढतं. एकूण प्रथिनाचा आकडा मधले काही महिने जागेवर बसल्यासारखा दिसू शकतो. आम्ही एकदा जुने गोठवलेले नमुने जेलवर चालवले. 4 महिन्यांच्या लेनमध्ये खाली 19 किलोडाल्टनच्या आसपास जाडजूड पट्टा आणि वर जवळजवळ काही नाही. 18 महिन्यांच्या लेनमध्ये खालचा पट्टा पुसट आणि वर 66-67च्या जागी अल्ब्युमिनचा काळाकुट्ट ठोकळा. दोन्ही लेनचा एकूण आकडा फार लांब नव्हता. तेव्हापासून मी एकूण प्रथिनावर विश्वास ठेवत नाही. अल्ब्युमिनच मोजा, आणि एलायझाची (अँटीबॉडीने मोजायची) किट उंदराच्या अल्ब्युमिनसाठीचीच घ्या. माणसाच्या अल्ब्युमिनचं किट उंदराला चालेल असं धरून बसू नका.

मेटाबॉलिक केजमध्ये (मूत्र गोळा करायच्या पिंजऱ्यात) खाद्याचा चुरा मूत्राच्या नळीत पडतो, त्यातलं प्रथिन विरघळतं आणि तुमचा आकडा फुगतो. फनेल वरून झाका, किंवा संकलनाचे तास कमी करून त्या काळात खाद्य काढून घ्या. पाणी काढू नका. या जनावरांना पाणी तोडलं तर किडनी तग धरत नाही.

रक्तात क्रिएटिनिन आणि युरिया हे उशिरा जागे होणारे पाहुणे. नेफ्रॉन निम्म्याहून जास्त गेले तरी क्रिएटिनिन शांत असू शकतं. युरिया तर खाद्यातल्या प्रथिनानुसार हलतो. खाद्य बदललं आणि युरिया उतरला म्हणजे किडनी बरी झाली असं नाही. माऊसचं क्रिएटिनिन जाफे या रंगावरून मोजायच्या पद्धतीने काढलं तर सीरममधली इतर द्रव्यं रंग देतात आणि आकडा खरा नसतो. एन्झाइमची पद्धत किंवा एचपीएलसी वापरा. आजार पुढे गेलेल्या नरांत कोलेस्टेरॉल चढतं, अल्ब्युमिन उतरतं, हे जोडीने दिसलं तर लक्ष द्या.

शेवटच्या टप्प्यातल्या खुणा किडनीबाहेरही असतात. फॉस्फेट साचतं, पॅराथायरॉइड मोठं होतं, हाडातलं कॅल्शियम ओढलं जातं. मेंदू काढताना कवटी कात्रीखाली पुठ्ठ्यासारखी वाकली, तर किडनीची स्लाईड येण्याआधी निदान झालंच म्हणा. जठराच्या भिंतीत, महाधमनीत चुना साठलेला दिसतो. हे वेगळे आजार म्हणून रिपोर्टमध्ये सुटे सुटे लिहू नका. एकाच कारणाची माळ आहे ती.

आणि हे सीपीएन नसेल तर

मादी उंदरांत कॉर्टेक्स आणि मेडुला (आतला थर) यांच्या सीमेवर निळे खडे दिसत असतील, तर तो वेगळा प्रकार, नेफ्रोकॅल्सिनोसिस. खाद्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बघा. फॉस्फरस कॅल्शियमच्या वर गेला की माद्यांमध्ये हे होतं. जुन्या एआयएन-76ए खाद्याचा हा कुप्रसिद्ध दोष होता, 93ची आवृत्ती आणताना तो सुधारला.

फक्त नरांत, फक्त औषध दिलेल्या गटांत आणि नलिकांच्या पेशींमध्ये चमकदार गुलाबी थेंब असतील, तर तो अल्फा-2यूचा साठा. संत्र्या-लिंबाच्या सालीतलं डी-लिमोनिन आणि बिनशिशाचं पेट्रोल ही त्याची जुनी उदाहरणं. माणसात हे प्रथिन तयार होत नाही, म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने 1991 मध्ये या यंत्रणेतून आलेल्या नर उंदरांच्या किडनीच्या गाठी माणसाच्या धोक्यात धरू नयेत असं ठरवलं. एखादं औषध साधा सीपीएनही लवकर आणि जोरात आणू शकतं, आणि फार पुढे गेलेल्या सीपीएनमध्ये नलिकांच्या गाठी थोड्या जास्त दिसतात. मग औषधाला कॅन्सरचा ठपका बसतो. गॉर्डन हार्ड यांनी वर्षानुवर्षं या मुद्द्यावर लिहिलंय. त्यांच्या मते सीपीएनला माणसात जोडीदार आजारच नाही. मला ते बरंचसं पटतं, पण "औषधाचा संबंध नाही" हे वाक्य लिहिण्याआधी गटवार तीव्रतेचे ग्रेड मांडा. कंट्रोलमध्ये 40 जणांना आजार आणि हाय डोसमध्येही 40 जणांना, हे सारखं नाही, जर कंट्रोलचे ग्रेड 1 आणि 2 असतील आणि हाय डोसचे 3 आणि 4.

सशांच्या किडनीवर खळगे दिसले तर वयाला दोष देऊ नका. एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा परजीवी तपासा, मेंदूचीही स्लाईड घ्या. हॅमस्टरमध्ये, विशेषतः माद्यांत, अमायलॉइड (ऊतींत साठणारं घट्ट प्रथिन); काँगो रेड लावा आणि पोलरायझरखाली सफरचंदी हिरवा रंग शोधा. सीडी-1 माऊसलाही हाच प्रश्न.

माऊसमध्ये एक जागा मात्र खास. प्रतिकारशक्ती नसलेल्या माऊसच्या कॉलनीत वर्षानुवर्षं किडनीचा आजार दिसत होता, नलिकांच्या पेशींच्या केंद्रकात विचित्र गोळे दिसत होते, आणि लोक त्याला वय, जात, नशीब म्हणत होते. 2018 मध्ये रोडिगर आणि सहकाऱ्यांनी सिडनीच्या सेंटेनरी इन्स्टिट्यूटमधून त्यामागचा पार्व्होव्हायरस दाखवला, माऊस किडनी पार्व्होव्हायरस. तो किडनीत फायब्रोसिसच घडवतो. तेव्हा रॅग किंवा तत्सम प्रतिकारशक्ती नसलेल्या माऊसमध्ये वण दिसले तर "म्हातारपण" लिहिण्याआधी पीसीआर करून घ्या. नेहमीच्या पाहणीत ही तपासणी असेलच असं नाही. यादी मागवून बघा.

अभ्यास चालू असताना समजलं तर

खाद्य मधेच बदलू नका. 14व्या महिन्यात घाबरून प्रथिनं कमी केलीत तर गट आपसात ताडता येतील, पण मागच्या अभ्यासांशी नाही, आणि प्रोटोकॉलमध्ये दुरुस्ती न करता केलंत तर ऑडिटला उत्तर नाही. एनालाप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं उंदराच्या ग्लोमेरुलसचं घट्ट होणं मंदावतात हे माहीत आहे, म्हणून कुणीतरी "सगळ्यांनाच देऊया" म्हणतं. विषचाचणीत अजिबात नको. कंट्रोलच राहणार नाही.

करता येण्यासारखं एवढं: वजन पडायला लागलेली, पाणी वाढलेली जनावरं रोज बघायची, किती त्रासापर्यंत जगू द्यायचं ती मर्यादा आधी लिहून ठेवायची आणि ती गाठली की ताटकळत न ठेवता वेदना न देता संपवायचं, किडनी ताजी फिक्स करायची. एक किडनी उभी कापा, दुसरी आडवी, प्रत्येक जनावरात त्याच बाजूची तशीच. रात्री मेलेलं जनावर सकाळी सापडतं तेव्हा नलिका विरघळलेल्या असतात, पण जाड बेसमेंट मेम्ब्रेन आणि कास्ट पीएएसमध्ये ओळखू येतात, म्हणून तो ब्लॉक टाकून देऊ नका.

पुढच्या अभ्यासासाठी आम्ही तीन गोष्टी बदलल्या: 12व्या आठवड्यानंतर कमी प्रथिनांचं खाद्य, संध्याकाळी मोजून देणं, आणि 6 महिन्यांना मूत्रातलं अल्ब्युमिन. चौथी गोष्ट रजिस्टरमध्ये झाली. पिंजरा बदलण्याच्या पानावर आता "तूस ओलं" असा रकाना आहे. तो मामा भरतात, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तो वाचते.